रात्रपाळीतली साखर

पुणे

ती. मामा,

आईनं फोनवर सांगितलं की उठल्यावर साखर 212 आली म्हणून तुम्ही रात्रीचं इन्सुलिन दहा युनिटांवरून चौदा केलंत, आणि तेही कुणाला न विचारता. मामा, ते आजच्या आज परत दहावर आणा. डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच. बाकीचं पत्र सावकाश वाचा, आणि मामींना वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे. फोन केला असता, पण कारखान्यात असताना तुम्हाला काही ऐकू जात नाही आणि घरी असताना तुम्ही झोपलेले असता. शिवाय कागदावरचं पुन्हा काढून बघता येतं.

तो 212 चा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो उठल्यावर दिसला एवढंच. तो तयार कधी झाला हे त्यावरून कळत नाही. तपासणीत कापडात दोष सापडला की तुम्ही तागा उलगडत मागं मागं जाता, धागा कुठं तुटला ते शोधता. शेवटचं मीटर बघून मागाला हात घालत नाही. साखरेचंही तसंच मागं जाऊन बघायला लागतं.

उठल्यावर साखर जास्त येण्याची वाट एकच नसते. कधी ती झोपतानाच चढलेली असते: उशिरा जेवण, वर भात, वर तांबड्या रश्श्याची तर्री. तेलामुळं जेवण पोटातून हळूहळू पुढं सरकतं आणि साखर चार-चार, पाच-पाच तास चढत राहते. कधी झोपताना ती चांगली असते, मध्यरात्रीही चांगली असते आणि पहाटे तीन-चारनंतर चढायला लागते. त्या वेळी शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. हे सगळ्यांमध्येच होतं. ज्याला मधुमेह नाही त्याचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन जास्तीचं सोडतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तुमचं तेवढं सोडू शकत नाही, म्हणून रात्री काही न खाताही सकाळी साखर जास्त येते. 1981 पासून डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात. तुम्ही चोरून काही खाल्लंत म्हणून ती वाढली असं मामींना वाटत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. आणि कधी रात्रीचं औषधच पहाटेपर्यंत पुरत नाही.

चौथी वाट म्हणून लोक अजून एक सांगतात: रात्री साखर फार उतरते आणि मग उसळी मारून वर येते. मायकेल सोमोजी या रसायनतज्ज्ञानं 1938 साली हे मांडलं. पुढं रात्रभर साखर मोजणारी यंत्रं आली, तेव्हा दिसलं की असं क्वचितच होतं. रात्री साखर उतरलेली असली तर बहुतेकांची सकाळचीही कमीच येते. पण ‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे, आणि चार युनिट वाढवून बसलेल्या माणसाला तर रात्रीच्या उतरण्याची भीती आहेच. वाट कुठली हे न बघता डोस वाढवला तर काय होतं ते बघा. झोपतानाची साखर जेवणामुळं चढलेली असेल तर इलाज ताटात आहे. पहाटेची असेल तर औषधाची वेळ किंवा जात बदलायला लागेल. दोन्हीकडे आपल्या मनानं चार युनिट वाढवली की मध्येच कधीतरी, तुम्ही झोपलेले असताना, साखर 70 च्या खाली जायची.

आता तुमच्याबाबतीतली खरी गोष्ट. मला सांगा, पाळीचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? आई म्हणते, नाही. ‘काम काय करता’ या प्रश्नाला तुम्ही ‘मागावर’ एवढंच उत्तर दिलंत. इचलकरंजीतल्या डॉक्टरला तेवढ्यावरून बरंच कळत असेलही, पण तुमचा आठवडा कुठला आणि तुम्ही झोपता कधी हे कसं कळणार? 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. आज निम्मं गाव झोपतं तेव्हा निम्मं जागं असतं. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र ‘रात्री झोपताना’ असं लिहिलेलं असतं, जसं काही सगळेच रात्री झोपतात.

तुम्ही ते अक्षरशः पाळता. दिवसपाळीच्या आठवड्यात झोपताना म्हणजे रात्री 10 ला. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपताना म्हणजे सकाळी 9 ला. मी कागदावर मांडून बघितलं. रविवारी रात्री 10 ला घेतलेल्या सुईनंतर सोमवारी रात्री तुम्ही पाळीवर जाता, म्हणजे पुढची सुई मंगळवारी सकाळी 9 ला. मध्ये पस्तीस तास. तुमचं इन्सुलिन आहे ते बाटलीतलं दुधट रंगाचं, मध्यम मुदतीचं. घेतल्यावर साधारण चार ते दहा तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि पुढं ते ओसरत जातं. पस्तीस तास ते पुरत नाही. सोमवारची सगळी रात्र तुम्ही इन्सुलिनशिवाय उभे असता. उलट पाळी बदलते तेव्हा रविवारी सकाळी 9 ची सुई आणि त्याच रात्री 10 ची सुई, तेरा तासांत दोन. एकीचा जोर संपायच्या आत दुसरी. त्या रात्री साखर उतरली तर नवल नाही. आणि मंगळवारी दुपारी उठल्यावर 212 दिसली तर त्यातही नवल नाही. दहा युनिट कमी पडतात की जास्त होतात हे असं कधीच कळणार नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: पाळी कुठलीही असो, रोज घड्याळाच्या एकाच वेळी घेता येईल असं काय करता येईल? कदाचित ते वेळ ठरवून देतील, कदाचित चोवीस तास सारखं चालणारं इन्सुलिन देतील. ते त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि तुम्हीही नाही. ग्लिमेपिराइडची गोळी आहे तुमची, तिचंही विचारा. ती जेवणाला बांधलेली आहे. सातला गोळी घेऊन, घाईत न जेवता पाळीवर गेलात तर दहाच्या सुमाराला हातपाय गळायला लागतील.

त्याची मला जास्त काळजी वाटते. साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, डोकं सुन्न होतं, उगीच चिडचिड होते. कारखान्यात पत्र्याखाली सगळ्यांच्याच अंगातून घाम निथळत असतो, त्या खडखडाटात आपलं काळीज धडधडतंय हेही समजत नाही. चालू धोट्याजवळ हात नेताना भोवळ आली तर? खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. जरा जरी वेगळं वाटलं तरी माग बंद करा, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं बसा आणि पुन्हा मोजा. 70 च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खा. मशीन जवळ नसेल आणि उतरली की चढली हे कळत नसेल तर उतरली असंच धरून साखर घ्या. चढलेली साखर थोडी आणखी चढली तर सावरता येते, उतरलेली तेवढा वेळ देत नाही. आणि शेजारच्या मागावरच्या जोडीदाराला हे सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर घालायची नाही हेही सांगा.

चढलेली साखर वेगळी बोलते, पण तिचं बोलणं तुम्ही मागच्या वेळी मी आले होते तेव्हा चुकीचं ऐकत होता. दोनदा-तीनदा उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर तुम्ही पाणीच बंद केलं होतं. मामा, पाणी प्याल्यामुळं साखर वाढत नाही. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तोंडाला कोरड. पाणी तोडलं तर रक्त आणखी घट्ट होतं. झोपेत तोंड सुकणं, लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठणं, उठल्यावर डोकं जड, नजर धुरकट, अंगात काही ताकद नाही, या सगळ्याची वहीत नोंद करा. साखर ठीक असतानाही उठावंच लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्या, या वयात ते होतं. आणि मामी, हे घोरतात का, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हे तुम्ही बघा. तसं होत असेल तर त्यानंही सकाळची साखर वाढते.

आता मोजायचं कसं. पट्टी महाग आहे आणि तुमची मजुरी पिकावर, म्हणजे जेवढं विणाल तेवढी, हे मला माहीत आहे. म्हणून रोज एकदा मोजून वही भरण्यापेक्षा एका आठवड्यात लागोपाठच्या तीन झोपा धरा आणि प्रत्येकीत तीन वेळा मोजा: झोपताना, झोपेच्या मध्यावर आणि उठल्यावर. दिवसपाळीच्या आठवड्यात मधली वेळ पहाटे 3 ची. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी 12 ची, शिवाय पहाटे पाळीवर 4 ला एकदा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. आकड्याशेजारी जेवण काय होतं, कधी होतं आणि सुई किती वाजता घेतली एवढं लिहा. झोपताना जास्त आणि उठल्यावरही जास्त असेल तर जेवण बघायचं. मधली चांगली आणि उठल्यावरची जास्त असेल तर पहाट किंवा औषध. मधली 70 च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आठवडा संपायची वाट बघायची नाही. उठल्यावरची साखर 80 ते 130 मध्ये असावी असं साधारण धरतात, जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत. तुमच्यासाठीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

परवडत असेल तर दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो चौदा दिवस रात्रंदिवस साखर नोंदवत राहतो. चौदा दिवस म्हणजे एक दिवसपाळी आणि एक रात्रपाळी. तुमच्यासारख्यासाठीच बनवल्यासारखा आहे. एकदाच लावला तरी डॉक्टरांना दोन्ही आठवडे समोर दिसतील. तो खर्च माझ्याकडे लागला, त्यावर वाद नको.

बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. मागच्या वेळी तुम्ही केळं सोलून तसंच बोट पुढं केलं होतंत. बोटावरच्या फळाच्या किंवा गुळाच्या चिकटपणानं आकडा चांगलाच फुगतो, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर माणसं डोस वाढवतात. बोटाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा. तिथं दुखतं कमी आणि धागा जोडताना ते आड येत नाही.

आणि ती बाटली. तुमच्या बाटलीवर 40 आययू लिहिलंय, म्हणजे सिरिंजही 40 चीच हवी, लाल टोपणाची. 100 ची सिरिंज केशरी टोपणाची असते. दुकानदारानं चुकून ती दिली आणि तुम्ही दहाच्या रेघेपर्यंत भरलंत, तर अंगात जातात फक्त चार युनिट. साखर का उतरत नाही म्हणून घरं हैराण झालेली मी बघितली आहेत आणि कारण निघालं सिरिंजचं टोपण. भरण्याआधी बाटली दोन्ही तळहातांत धरून वीसेक वेळा हळू फिरवा, खालचा साका सगळा मिसळेपर्यंत. हलवून फेस करायचा नाही. सुई रोज त्याच जागी टोचली की तिथं चरबीची गाठ होते आणि गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही. बेंबीभोवती दोन बोटं सोडून रोज जागा सरकवा. बाटली कारखान्यात नेऊ नका. घरी फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही. उन्हाळ्यात लाईट गेली तर पाण्यानं ओलसर ठेवलेल्या मडक्यात.

मामी, आता डब्याचं. 2021 साली अमेरिकेत बोस्टनला एक प्रयोग झाला. निरोगी तरुण माणसांना काही दिवस रात्रपाळीसारखं जागवलं. ज्यांना रात्रीही जेवण दिलं त्यांची सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी जागरण तेवढंच केलं पण जेवण दिवसाच घेतलं, त्यांची तशी वाढली नाही. म्हणजे रात्री शरीर तेच अन्न दिवसासारखं पेलत नाही. मामांना रात्रभर उपाशी ठेवा असा याचा अर्थ लावू नका, ते गोळी आणि इन्सुलिनवर आहेत. पण मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी संध्याकाळीच होऊ दे: ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी दाट, भात मूठभर. रात्री 1 च्या डब्यात भात-आमटीऐवजी एखादी भाकरी आणि उसळ, किंवा फुटाणे-शेंगदाणे. भडंग नको. तो चुरमुऱ्याचा, म्हणजे भातच.

चहाचं मात्र मामांनाच सांगते. पाळीवर रात्रभरात अर्धा-अर्धा करत पाच-सहा चहा होतात. प्रत्येकात एक चमचा साखर धरली तरी पंचवीस-तीस ग्रॅम. पहाटे 5 चा चहा-खारी तर नेमका यकृत साखर सोडत असतं त्याच वेळेला. तुमचं शरीर आठवड्याला बदलणारी पाळी मानत नाही, त्याची पहाट पहाटेच होते. बिनसाखरेचा घ्या. आणि ‘आम्ही गुळाचा घेतो’ हे नका सांगू. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गुळाला नाही म्हणणं अवघड, पण रक्तात गेल्यावर गूळ म्हणजे साखरच.

तुम्ही नेहमी म्हणता, ‘मी एवढा वाळका, मला कशी लागली साखर?’ याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं यावर काम करतात. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं सारखंच, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. वरून बारीक, आतून चरबी. आपल्याकडची कित्येक माणसं अशीच आहेत, म्हणून काट्यावर विश्वास ठेवू नका. वाळकेपणा अलीकडे आणखी वाढला असेल, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला असेल, तर मात्र थुंकी तपासून घ्या. साखर आणि टीबी एकमेकांना धरून येतात आणि मागाच्या कोंडलेल्या खोलीत ते लवकर कळत नाही. गुडघ्यात किंवा दम्यासाठी कुणी स्टेरॉइड दिलं तरी साखर काही दिवस चढते, देणाऱ्याला आधी सांगा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथं वही आणि तीन झोपा काही नाही. साखर 250 च्या वर राहिलीय आणि उलट्या होतायत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय, तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतोय किंवा माणूस गुंगतोय, बडबडतोय, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, 108 ला फोन करून आयजीएम रुग्णालय गाठायचं. तिथून पाठवलं तर कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात. ‘सकाळी बघू’ नाही. आजारी असलात, जेवण जात नसलं, तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही, विचारायचं. साखरेच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर अशा वेळी आकडा फार मोठा नसतानाही अंगात आम्ल साचू शकतं, म्हणून उलट्या सुरू झाल्या की आकडा बरा दिसला तरी जायचं. चिठ्ठी बघून मला नाव कळवा.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा पिशवीत वही, इन्सुलिनची बाटली, रिकामी सिरिंज आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घाला. बसल्या बसल्या पहिलं वाक्य पाळीचं बोला. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर मामींना बरोबर न्या, त्या बोलतील. रविवारी पाळी बदलायच्या आत मला फोन करा, सोमवारच्या सुईचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून झालं पाहिजे.

मामींना सा. नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची